संप्रदान

मराठीतील दानलेख वाचायचे तर आपण देवळांत, लेण्यांत आणि गावच्या वेशीवर जातो. दानलेखांचा चालू संग्रह मात्र आपल्या रुग्णालयांत आहे. पंख्याच्या पात्यांवर, पिण्याच्या पाण्याच्या कूलरवर, बाकांच्या पाठींवर, व्हीलचेअरच्या मागच्या कापडावर तो विखुरलेला असतो. जो माणूस महिनोन्‌महिने उताणा पडून आहे, त्याच्या डोळ्यांपुढे छताइतकाच मजकूर असतो. माझ्या खोलीतल्या पंख्यावर तांबड्या रंगात एका कैलासवासी गृहस्थांचे नाव, त्यांच्या मृत्यूची तारीख आणि 'स्मरणार्थ' हा शब्द होता. पंखा बंद असला तरच ते वाचता येई. मराठीच्या अध्यापनात २७ वर्षे घालवलेल्या बाईला ९४ दिवसांत मिळालेले अखंड वाचन एवढेच.

मराठी कोरीव लेखांचा मोठा भाग दानाचा आहे, हे भाषेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. आमच्या सोलापूर जिल्ह्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख आहे. सनाचा स्पष्ट उल्लेख असलेल्या मराठी लेखांतला तो सर्वांत जुना, असे अनेक अभ्यासक मानतात. तो उजेडात आणणारे आनंद कुंभार सोलापूरचेच. मध्ययुगीन दानलेखात दात्याचे नाव असते, दिलेल्या जमिनीच्या सीमा असतात, काळ असतो, आणि शेवटी दान मोडणाऱ्याला शाप असतो. ज्या दगडांवर हा शाप चित्ररूपात कोरलेला असतो, त्यांना आपण गद्धेगाळ म्हणतो. पंख्यावरच्या लेखात यांतले बहुतेक सारे गळून गेले आहे. शिल्लक आहे ते मृत माणसाचे नाव. आणि मृत माणूस तर काही देऊ शकत नाही. देतो तो मागे राहिलेला, आणि त्याचे नाव पात्यावर नसते.

हा विचार मला सुचला तेव्हा तो कोणाला सांगण्याचे साधन माझ्यापाशी नव्हते. २०२३ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस माझ्या पायांच्या बोटांना मुंग्या आल्या. तिसऱ्या दिवशी जिना चढता येईना, पाचव्या दिवशी हात उचलेना, सहाव्या दिवशी श्वास अपुरा पडू लागला. आजाराचे नाव गीयाँ-बारे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात त्याचे अनेक रुग्ण एकदम आढळले तेव्हा ते नाव वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचले. त्याआधी ते उच्चारायला शिकावे लागे. एखाद्या साध्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. बळ पायांकडून वर सरकत ओसरते. काही रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. बहुतेक जण पुढे बरे होतात, पण महिन्यांच्या हिशेबाने. या सगळ्या काळात बुद्धी शाबूत असते. दिलासा म्हणून डॉक्टर हे सांगतात. रुग्णाला तो दिलासा वाटतोच असे नाही.

व्हेंटिलेटरवर मी १९ दिवस होते. दिवाळी त्यातच गेली. गळ्याला छिद्र असल्याने बोलणे बंद, हात निश्चल. फिजिओथेरपीसाठी येणाऱ्या मुलीने एका पुठ्ठ्यावर मराठी वर्णमाला लिहून आणली. तिने अक्षरांवरून बोट फिरवायचे आणि हव्या त्या अक्षरावर मी पापण्या मिटायच्या. या पद्धतीने एक वाक्य बनवायला दहा-दहा मिनिटे लागत. विशेषणे आपोआप गळत, क्रियाविशेषणे परवडत नसत. मितव्ययी शैलीवर वर्गात मी पुष्कळ बोलले होते. तिची किंमत अक्षरागणिक मोजावी लागली ती तेव्हा.

पुठ्ठ्यावर मी जुळवलेले पहिले पूर्ण वाक्य होते, 'गाडी द्या'.

माझी मोठी बहीण, अक्का, उशाशी होती. आमच्या घरची बोली तेलुगू. आम्ही पद्मशाली, आजोबा मागावर, आई विड्या वळणारी. मराठी ही आमची शाळेची भाषा, आणि माझी पोटापाण्याचीही. अक्काने ते वाक्य वाचले आणि तिचे डोळे भरून आले. तिला वाटले, मी घरी जायला गाडी मागते आहे. "आणते हं बाळ, आणते. डागदर सोडू देत," ती म्हणाली. मी पुन्हा पापण्या मिटल्या. पुन्हा तेच वाक्य. भ्रम झाला की काय म्हणून सिस्टरांना बोलावणे गेले.

दोष व्याकरणाचा होता. 'गाडी द्या' या वाक्याला कर्म आहे, क्रिया आहे, कर्ताही गृहीत आहे. कोणाला, तेवढे नाही. ज्याला द्यायचे त्याच्यासाठी पाणिनीय व्याकरणात 'संप्रदान' हे कारक आहे, आणि त्या संज्ञेतच 'दान' बसलेले आहे. परंपरेत एक प्रसिद्ध उदाहरण येते. ब्राह्मणाला गाय दिली तर ब्राह्मण संप्रदान, तिथे चतुर्थी. परटाला कपडे दिले तर मात्र परीट संप्रदान नव्हे, तिथे षष्ठी. कारण कपडे धुऊन परत यायचे असतात, त्यांच्यावरचे स्वामित्व आपण सोडलेले नसते. मराठीत हा भेद उरला नाही. आपण परटालाही 'ला' लावतो आणि याचकालाही. त्यामुळे दिलेली वस्तू परत येणार आहे की नाही, हे मराठी वाक्यावरून कळत नाही. माझ्या वाक्यात तर तो प्रत्ययही नव्हता.

तो प्रत्यय पुरवायला मला पुढचे दोन दिवस लागले. रुग्णालयात डायलिसिसचा विभाग माझ्या मजल्याच्या खालीच होता. आजारी पडण्याच्या वर्षभर आधी, एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या निमित्ताने, मी तिथे काही वेळा गेले होते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा-तीनदा यावे लागते, आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून घ्यावे लागते. उपचाराला सरकारी योजनेचा आधार मिळू शकतो. प्रश्न उरतो तो येण्या-जाण्याचा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण ती तातडीच्या प्रसंगासाठी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी येणारे आजारपण तातडीत बसत नाही. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरतो, पाय लटपटतात, आणि त्याच अवस्थेत अक्कलकोटकडची किंवा मोहोळकडची एसटी गाठायची असते. शहरातला एक छोटा न्यास अशा रुग्णांना दोन जुन्या गाड्यांतून विनामूल्य नेतो-आणतो. माझ्या वाक्यातले संप्रदान तो न्यास होता.

आता गाडीविषयी. सोलापूरला मोटारीचे अप्रूप वाटायला तसे कारण आहे. वालचंद हिराचंद १८८२ साली याच गावात जन्मले. कुर्ल्याला मोटारी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी त्यांनी १९४४ मध्ये काढली. पण चादरी आणि विड्यांच्या या गावातल्या आमच्या वस्तीत, मी वाढले त्या काळात, मोटार यायची ती मतदानाच्या आधी आणि लग्नाच्या दिवशी. २०१३ साली मी स्वतःच्या पगारातून पांढरी वॅगनआर घेतली. आमच्या दोन्ही घरांत चारचाकी चालवणारी मी पहिली, आणि अजूनपर्यंत एकटीच. यजमान स्कूटरवर समाधानी आहेत. धर्मशास्त्रातल्या स्त्रीधनाच्या चर्चेत कात्यायनाचे एक मत येते, की स्त्रीने शिल्पाने, म्हणजे हातच्या कसबाने, मिळवलेल्या धनावर पतीचे स्वामित्व असते. आईने वळलेल्या विड्यांचा पैसा कोणाच्या हाती जात असे, हे आठवले की कात्यायन फार जुना वाटत नाही. म्हणून त्या गाडीच्या आरसी बुकावर फक्त माझे नाव असणे, ही माझ्या लेखी केवळ परिवहन खात्याची नोंद नव्हती.

असे असताना ती द्यायची का? अक्काने हाच प्रश्न विचारला, आणि तिचा तो अधिकार होता. माझ्या औषधोपचाराला, विशेषतः पहिल्या पाच दिवसांत शिरेतून दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनला, लाखांनी पैसे गेले होते. गाडी विकली तर दीड लाख कुठे गेले नव्हते. शिवाय तिच्या मनात आणखी एक भीती होती. ती तिने काही दिवस दाबून ठेवली आणि मग एका रात्री बोलून टाकली.

"मरायला टेकलेलं माणूस गाय देतंय ग. तू आताच कशाला देतीस? बरी हो, मग दे काय द्यायचं ते."

वैतरणी ओलांडण्यासाठी मरणासन्न माणसाने गाय द्यावी, ही समजूत तिच्या बोलण्यामागे होती. गायीचे शेपूट धरून पैलतीर गाठायचा. म्हणजे ती देणगीही एका अर्थी वाहनाचीच. प्रेमचंदांच्या 'गोदान' (१९३६) या कादंबरीच्या अखेरीस होरीच्या मृत्यूच्या वेळी घरात गाय नसते. धनिया सुतळी विकून आलेले वीस आणे पुरोहिताच्या हातावर ठेवते आणि तेच गोदान. साहित्याच्या वर्गात हा प्रसंग आपण शोषणाचा कळस म्हणून शिकवतो, ते रास्तच आहे. पण अक्काच्या वाक्यामुळे मला त्यातली दुसरी बाजू दिसली. आपल्याकडे देणे आणि संपणे यांची गाठ इतकी घट्ट बसली आहे, की आजारी माणसाने काही दिले तर घरच्यांना ती निरोपाची भाषा वाटते.

कायद्यालाही तसेच वाटते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मृत्यूच्या अपेक्षेने दिलेल्या देणगीसाठी १९१ वे कलम आहे. आजारी माणसाने, या आजारात आपण जाणार असे वाटून, जंगम वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात दिली, तर ती देणगी दात्याला परत घेता येते. आणि तो त्या आजारातून उठला तर ती लागूच होत नाही. मुस्लिम कायद्यात 'मर्ज-उल-मौत' ही संकल्पना आहे. मृत्यूला कारण ठरलेल्या आजारात केलेले दान, वारसांची संमती नसेल तर, मालमत्तेच्या एक-तृतीयांशापुरतेच मान्य होते. दोन वेगळ्या परंपरांतल्या कायद्यांनी आजाऱ्याच्या औदार्याकडे संशयाने पाहावे, याला अनुभवाचा आधार असणार. भयाने, वेदनेने, किंवा उशाशी बसलेल्यांच्या आग्रहाने माणूस काहीही देऊन टाकतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १२२ वे कलम तर स्पष्टच म्हणते की देणगी स्वेच्छेने आणि मोबदल्याविना झालेली असावी, आणि तिचा स्वीकार दाता जिवंत असताना व देण्यास समर्थ असताना व्हावा.

'देण्यास समर्थ असताना' हे शब्द मी छताकडे पाहत पुष्कळ घोळवले. माझी गाडी कलम १९१ खाली जायला नको होती. मी मरेन म्हणून देत नव्हते, आणि जगले तर परत घेणार नव्हते. मग का देत होते? त्या दिवसांत माझ्या वाट्याला एकच क्रिया उरली होती, घेण्याची. दोन-दोन तासांनी कोणीतरी मला कुशीवर वळवी. कोणीतरी धुई, पुसे, नळीतून भरवी, डोळ्यांत थेंब घाली, केस विंचरी. प्रत्येक वाक्यात मी कर्म होते. हे सारे प्रेमाने होत होते, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती. सर्व क्रिया दुसऱ्यांच्या असलेल्या त्या दिनक्रमात एक तरी क्रिया अशी हवी होती, की जिची कर्ती मी असेन. देण्यासारखे माझ्याकडे वेळ, श्रम, बोलणे, काहीच नव्हते. खाली वाहनतळावर कडुनिंबाखाली धूळ खात उभी असलेली एक वस्तू तेवढी होती.

हे पुठ्ठ्यावर सांगण्यासारखे नव्हते. पुढे गळ्याचे छिद्र बुजले आणि आवाज परतला, तेव्हा अक्काला मी सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुला देणारी व्हायचंय. बरोबर आहे. पण आम्ही तीन महिने देतोय, ते तू घेतीयस की नाही, तेवढं सांग." या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही.

प्रा. पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'त दानाची जी सविस्तर चर्चा केली आहे, तीत देवलाने सांगितलेली सहा अंगे येतात: दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, धर्माला धरून असलेली देय वस्तू, देश आणि काळ. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'चा एक मोठा खंड दानालाच वाहिलेला आहे. सोन्याचे घोडे जुंपलेल्या रथाचे दान हे तर सोळा महादानांपैकी एक. जुन्या वॅगनआरला त्या यादीत स्थान नसले, तरी सहा अंगांची कसोटी तिलाही लावता येते, आणि ती लावली न्यासाच्या कार्यकर्त्याने.

सत्तरीचे ते गृहस्थ डिसेंबरात मला भेटायला आले. आभार मानण्याआधी त्यांनी प्रश्न विचारले. गाडी किती किलोमीटर चालली? क्लच कधी बदलला? टायर केव्हाचे? विमा कधी संपतो? नोंदणीची पंधरा वर्षे २०२८ मध्ये भरतील ना? यजमानांना ते थोडे रुक्ष वाटले. ते गृहस्थ हसून म्हणाले, "साहेब, लोक आम्हाला गाडी देत नाहीत, गाडीची कटकट देतात. चालत नाही म्हणून दिलेली गाडी आम्हाला फार महाग पडते."

मला कठोपनिषदाचा आरंभ आठवला. नचिकेताचा पिता यज्ञात सर्वस्व द्यायला निघतो, आणि देतो काय, तर शेवटचे पाणी पिऊन झालेल्या, शेवटचे गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या गाई. मुलाला ते पाहवत नाही. 'मला कोणाला देणार?' असे तो पुन्हापुन्हा विचारतो आणि बाप चिडून म्हणतो, मृत्यूला. मृत्यूवरच्या एवढ्या मोठ्या संवादाची सुरुवात निकामी वस्तूंच्या दानाने होते, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आपल्याला नको झालेले देणे आणि आपल्याला हवे असलेले देणे यांत अंतर आहे. नचिकेताने बोट ठेवले ते तिथे. माझी गाडी मला हवी होती. चालवता येईल की नाही ते ठाऊक नव्हते, पण हवी होती. कार्यकर्त्यांच्या प्रश्नांनी माझा अपमान झाला नाही, उलट मान राहिला. घेणाराही वस्तू पारखतो, तेव्हा तो याचक राहत नाही, प्रतिग्रहीता होतो.

न्यू जर्सीला असलेल्या अक्काच्या मुलीला या खटाटोपाचे नवल वाटले. तिकडे जुनी गाडी धर्मादाय संस्थेला देण्याची सर्रास पद्धत आहे. फोन केला की ओढून नेणारे वाहन दारात येते. त्याला करसवलतीचे मोठे कारण आहे. लोक गाडीची किंमत फुगवून सांगत, म्हणून २००४ मध्ये तिथला कायदा बदलला आणि पाचशे डॉलरांहून अधिक सवलत मागायची तर ती साधारणतः संस्थेला विक्रीतून प्रत्यक्ष आलेल्या रकमेपुरती मर्यादित झाली. आपल्याकडे आयकराच्या ८०जी कलमाची सवलत पैशाच्या रूपातल्या देणगीलाच होती, वस्तूला नव्हती. त्यामुळे माझ्या दानाला मोबदल्याचा संशय तरी चिकटत नव्हता. चिकटले होते ते कागद.

वाहनाच्या मालकी-हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात, आणि त्यांवर मालकाची सही लागते. आरटीओची कामे करणारा एक तरुण एजंट यजमानांच्या ओळखीचा होता. तो खोलीत आला, माझ्या हातांकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, अंगठा घेऊ. साक्षीदारापुढं केलं की चालून जातंय." यात त्याचे काही वावगे नव्हते. माझ्या आईने आयुष्यभर अंगठाच उठवला; त्या अंगठ्याच्या मजुरीवर आम्ही शिकलो. अंगठ्याची मला लाज नव्हती. अडचण वेगळी होती. अंगठा दुसऱ्यालाही उठवता येतो. शुद्ध हरपलेल्या, क्वचित प्राण गेलेल्या माणसाचा हात धरून कागदावर टेकवलेले अंगठे, आणि त्यावरून पालटलेली शेते, ही आपल्या ग्रामीण कथांतली आणि दिवाणी न्यायालयांतली नित्याची गोष्ट. सहीला मात्र सही करणाऱ्याची हालचाल लागते. जी वस्तू मी कर्ती राहावे म्हणून देत होते, तिच्या कागदावर माझा हात दुसऱ्याने धरलेला नको होता.

म्हणून थांबायचे ठरले. बळ परतते ते गेले त्याच्या उलट क्रमाने. माझे आधी खांदे आले, मग कोपरे, मग मनगटे. बोटे शेवटी. जानेवारी आला. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा भरली, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे वाजप रात्री खिडकीशी येई. बाराव्या शतकातल्या या शिवयोग्याने लोकांच्या श्रमातून तळे खोदवले, आणि सोलापूर आजही त्याच्या काठी उभे आहे. देणाऱ्यांच्या पंक्तीत श्रमणारे हात असतात, याची ती खूण. अक्काचा विरोध एव्हाना मावळला होता, पण तिने स्वतःची अट घातली. "संक्रांतीला दे. वाण म्हणून लुटू."

वाण 'लुटणे' हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आपण सुगडे, आरसा, फणी देतो आणि त्याला 'वाण लुटले' म्हणतो. देणारी स्वतःला लुटू देते. तिथे दाता उंच आणि घेणारा खाली, अशी उतरंडच राहत नाही. शिवाय घेणारी बाई उद्या तिच्या घरी वाण लुटणार असते. देवलाने सांगितलेले काळाचे अंग अक्काने असे पुरवले. पण १५ जानेवारीला माझ्या बोटांत पेन टिकेना. १९ तारखेला टिकले. उताराच्या पाटीवर कागद, मनगटाखाली उशी, आणि माझे नाव लिहायला लागलेला वेळ चार मिनिटे. अक्षरे पहिलीतल्या मुलीसारखी आली. एजंटाने ती न्याहाळली आणि म्हणाला, "जुळणार नाही मॅडम, पण तुमचीच आहे. प्रतिज्ञापत्र जोडू."

२९ जानेवारीला मी घरी आले. वाहनतळ रिकामा होता.

सोलापूरचा दानशूर म्हणून कोणाचे नाव घ्यायचे तर बहुतेकांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९१० साली इथे जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावाचा अर्थच मुळी 'आणि एक जण परतला नाही' असा आहे. त्यावरूनच १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांचा चित्रपट आला. कोटणीसांची थोरवी निर्विवाद आहे. पण दात्याची आपली प्रतिमा या 'न परतण्या'ने किती व्यापली आहे, हे मला जाणवत राहते. जो देतो आणि नंतर भाजी आणायला जातो, त्याच्यासाठी आपल्याकडे गोष्ट नाही. दान दिल्यावर उरलेल्या आयुष्यात दात्याने काय करायचे?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या दानावरील निबंधात तीन बंधने सांगितली: देण्याचे, घेण्याचे आणि परत करण्याचे. महाभारताच्या अनुशासनपर्वातल्या दानधर्माचीही त्याने दखल घेतली आहे. त्याचा निबंध शिकवताना आम्ही पहिल्या आणि तिसऱ्या बंधनावर बोलतो. घेणे हे बंधन आहे, ही गोष्ट वर्गात कोणाला फारशी पटत नाही.

फेब्रुवारीत मला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जावे लागे. रिक्षात चढणे-उतरणे हा स्वतंत्र व्यायाम होता. न्यासाच्या कार्यकर्त्यांचा फोन आला. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांची गाडी अक्कलकोट रस्त्याने शहरात येते, एक जागा रिकामी असते, वाटेत तुमचे घर आहे. मी नको म्हणाले. रुग्णांची जागा आहे, म्हणाले. ते म्हणाले, "मग तुम्ही कोण आहात, मॅडम?" अक्का शेजारीच उभी होती. तिने काही म्हटले नाही, पण तिचा तो प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता. मी हो म्हणाले.

शुक्रवारी गाडी दाराशी आली. दोन्ही बाजूंना न्यासाचे नाव रंगवले होते, माझे कुठेच नव्हते. तशी माझी अटच होती. चालक नवा मुलगा. त्याने वॉकर मिटवून डिकीत ठेवला. दहा वर्षे मी ती गाडी चालवली, पण मागच्या आसनावर कधी बसले नव्हते. तिथे खिडकीशी साठीची एक बाई होती, हाताला डायलिसिसची पट्टी, मांडीवर डब्याची पिशवी. माझे पाय उचलून आत घेण्याची खटपट तिने पाहिली, पिशवी खाली ठेवली आणि आतल्या बाजूला सरकली.

"या मावशी, ऐसपैस बसा," ती म्हणाली. "गाडी चांगली आहे आपली. धक्का लागत नाही."

मी बसले आणि तिने पुढे केलेला हात धरला.